मोठा आवाज कोणाचा?

मंडळी, धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यात तेरखेडा नावाचं गाव आहे. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते लागतं. (गोरोबाकाकांचं तेर ते निराळं, नावावरून गल्लत करू नका.) ह्या तेरखेड्याची ओळख फटाक्यांच्या कारखान्यांची. दिवाळी जवळ आली की लांबलांबचं गिऱ्हाईक तिथं उतरतं आणि विचारतं, "आवाज मोठा आहे का?" फटाक्याच्या बाबतीत ह्याचं उत्तर देणं सोपं. वात पेटवायची, चार पावलं मागं सरायचं, कान झाकायचे, की कळलं.

पण हाच प्रश्न माणसाच्या गळ्याबद्दल विचारून पाहा. रात्रीचं भजन आटोपलेलं असतं, चहा यायचा असतो, आणि कोणीतरी विषय काढतो, की आजवर झालेल्या गाणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज कोणाचा? एकजण म्हणतो लता मंगेशकर, त्यात विचारायचं काय. दुसरा म्हणतो भीमसेन जोशी. एखादा महंमद रफी म्हणतो. कोपऱ्यातले म्हातारबा सांगतात, आमचे वडील बालगंधर्वांचं नाव काढलं की कानाला हात लावायचे. वाद वाढत जातो, आणि शेवटी ज्याचा स्वतःचा आवाज मोठा त्याचंच मत खरं ठरतं. चहा आला की विषय संपतो.

हा वाद नुसता गमतीचा आहे असं समजू नका. आपण मोठा आवाज कशाला म्हणतो त्यावर शाळेतल्या स्पर्धेत पहिला नंबर कोणाला मिळतो ते ठरतं. कोणाचं गाणं जपून ठेवलं जातं आणि कोणाचं त्याच्या देहाबरोबर जातं, तेही ठरतं. म्हणून आज ह्या प्रश्नाकडे जरा सावकाशीनं पाहू.

आधी फटाक्याचाच हिशेब करू. कायद्याप्रमाणे फटाका फुटतो तिथून ४ मीटर अंतरावर त्याचा आवाज १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. डेसिबल हे आवाज मोजायचं माप. त्याची रीत मात्र आपल्या शेर-मापासारखी नाही. त्यात दहाची भर पडली की आवाजाची ताकद दहापट होते, आणि विसाची भर पडली की शंभरपट. चांगल्या कसलेल्या गवयाचा खडा आवाज तोंडापासून एका मीटरवर मोजला, तर तो शंभराच्या आसपास भरतो. म्हणजे नुसत्या ताकदीचा सामना लावला, तर साधा सुतळी बॉम्ब जगातल्या कुठल्याही गवयाला शेकडो पटींनी मागं टाकील. तरीपण सुतळी बॉम्बला आजवर कोणी वन्समोअर दिलेला नाही! तेव्हा गळ्याचा मोठेपणा ताकदीत नसून दुसरीकडे कुठंतरी आहे, एवढं तर आपण धरून चालू.

आता गळ्यातून आवाज निघतो कसा ते पाहा. गिळताना जिथं घाटी वरखाली होते, त्याच्या आत दोन स्वरतंतू असतात. तंतू म्हणतात खरं, पण ते सतारीच्या तारेसारखे नसतात. ओठांसारख्या दोन मऊ घड्या असतात त्या. फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून वर येते आणि त्या थरथरतात. पेटीचा भाता मारला की आतली पितळी पत्ती थरथरते, तसंच. साधं बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात, बाईचे दोनशे वेळा, आणि लहान मुलाचे तीनशेच्या आसपास. पण हा झाला कच्चा आवाज. तो तसाच ऐकू आला तर आपण त्याला गाणं म्हणणार नाही, नुसती भणभण म्हणू. त्याला रूप येतं ते घशाच्या, तोंडाच्या आणि नाकाच्या पोकळीत. तंबोऱ्याची तार भोपळ्याशिवाय वाजवून पाहिली तर जे होईल तेच इथं. प्रत्येकाच्या गळ्याचा भोपळा निराळा असतो. म्हणून दोन सख्ख्या भावांनी एकच अभंग एकाच पट्टीत म्हटला तरी दार लावून ऐकणाऱ्याला कोण कुठला ते कळतं.

तुळजापूरला नवरात्रात गेला असाल तर गोंधळ ऐकला असेलच. शेजारी संबळ कडाडतोय, तुणतुणं चाललंय, माणसांची गर्दी, पोरं रडताहेत, आणि तरी गोंधळ्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. तो ओरडत नसतो. ओरडणाऱ्याचा घसा तासाभरात बसेल, आणि हा तर रात्रभर उभा असतो. ह्यातलं इंगित असं, की माणसाचा कान सगळ्या आवाजांना सारखा तिखट नाही. सेकंदाला दोन हजार ते पाच हजार कंपनांच्या मधला आवाज त्याला सर्वांत चटकन कळतो. कसलेला गळा आपली शक्ती नेमकी त्या पट्ट्यात गोळा करतो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग ह्या शास्त्रज्ञानं १९७० च्या सुमारास युरोपातल्या संगीत नाटकांच्या पुरुष गायकांचे आवाज मोजले, तेव्हा तीन हजार कंपनांच्या आसपास त्यांच्या आवाजाला असा उंचवटा आढळला. पन्नास-साठ वाद्यांच्या ताफ्यातून एकट्या माणसाचा गळा वेगळा ऐकू येतो तो ह्याच उंचवट्यामुळे. आपल्याकडं यंत्रानं मोजलं नसलं तरी कानानं हे कधीच ओळखलं होतं. आपण त्याला आवाजाची 'धार' म्हणतो.

म्हणजे धार हे एक माप झालं. पण ते एकटं पुरत नाही, आणि हे महाराष्ट्राला एका रात्रीत कळलं. ती हकीकत जरा सविस्तर सांगतो.

१९२१ सालची गोष्ट. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी गेले होते आणि त्यांच्या नावानं स्वराज्य फंड गोळा होत होता. त्या काळी मराठी रंगभूमीवर दोन गळे गाजत होते. एक गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस. दुसरे ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले, कोल्हापूरचे. दोन्ही कंपन्यांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. ह्या दोघांनी फंडासाठी एकत्र नाटक करायचं ठरवलं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' लागलं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. पुढच्या रांगेचं तिकीट शंभर रुपयांना गेलं असं सांगतात. त्या काळी शंभर रुपये म्हणजे फार मोठी रक्कम.

लोक गाणं ऐकायला आले होते हे खरं, पण मनातून कुस्ती पाहायलाच आले होते. केशवरावांचा आवाज उंच पट्टीतला, धारदार, विजेसारख्या तानेचा. बालगंधर्वांचा आवाज गोड, आणि लयीशी असा लडिवाळपणे खेळणारा, की समेवर कधी आले ते कळू नये. एकानं टाळी घ्यावी, तर दुसऱ्यानं ती पुढच्या पदात आपल्याकडं ओढावी. नाटक पहाटेपर्यंत रंगलं. आणि निकाल? निकाल लागलाच नाही. केशवरावांची माणसं केशवरावांचीच राहिली आणि गंधर्वांची गंधर्वांची. तो प्रयोग पाहिलेल्या रसिकांत पुढं आयुष्यभर ह्यावर वाद चालत राहिला.

मला वाटतं, निकाल लागणं शक्यच नव्हतं. केशवरावांचा गळा वीराचा होता, त्यात आव्हान होतं. बालगंधर्वांचा गळा मानिनीचा. भामिनीचं पद केशवरावांच्या तडफेनं म्हटलं असतं तर ते पडलं असतं, आणि धैर्यधराचं पद बालगंधर्वांच्या लाडिकपणानं म्हटलं असतं तरी तेच. गळा कोणत्या कामाला लावला आहे हे विसरून त्याचं माप काढता येत नाही. पुढं १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' दर आठवड्याला होत असे. त्यात माडगूळकर-फडके जोडीनं ही गोष्ट बरोबर ओळखली होती. छप्पन्न गीतं, आणि पात्राप्रमाणे गळे निरनिराळे. सुधीर फडके ह्यांच्या गळ्यात राम शोभला, तर माणिक वर्मा ह्यांच्या गळ्यात सीता. दोघांत मोठं कोण, हे विचारायचं तिथं कोणाला सुचलंदेखील नाही.

त्या संयुक्त प्रयोगानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वारले. वय अवघं एकतीस. त्यांच्या ध्वनिमुद्रिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. कोल्हापुरात त्यांच्या नावाचं नाट्यगृह होतं, तेही ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडलं, आणि तेसुद्धा त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. बालगंधर्वांना मात्र दीर्घ आयुष्य लाभलं. ते १५ जुलै १९६७ रोजी गेले, आणि मागं पुष्कळ तबकड्या ठेवून गेले. म्हणून आज तुलना करायला बसलं की बालगंधर्व जिंकतात. ह्यात केशवरावांच्या गळ्याचा काय दोष?

आणि बालगंधर्व तरी आपण ऐकतो म्हणजे काय ऐकतो? ध्वनिमुद्रणाची कूळकथा पाहा. आवाज पकडून ठेवायचं यंत्र एडिसननं १८७७ साली केलं. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली, कलकत्त्यात. गौहरजान ह्या गायिकेचं गाणं त्याच वेळी तबकडीवर आलं. समोर एक मोठा कर्णा ठेवलेला असे, त्यात तोंड घालून गायचं. बाजू संपताना गायिका आपलं नाव मोठ्यानं सांगे, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळायला हवं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा, म्हणजे ओढ्याचं पाणी तांब्यात घेण्यासारखं. शिवाय त्या कर्ण्याला दणदणीत, खडा आवाज मानवे. हळुवार गळा त्याच्यात उमटतच नसे. विजेचा ध्वनिक्षेपक, म्हणजे माईक, १९२५ नंतर ध्वनिमुद्रणात आला. तोवर जे नाजूक गळे होऊन गेले ते कर्ण्यानं कितपत धरले असतील, त्याचा तुम्हीच विचार करा.

माईक आला आणि मापच बदललं. इतके दिवस गाणाऱ्यानं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं. आता माईक वीतभर अंतरावर आला, आणि गाणारा ऐकणाऱ्याच्या कानाशी बोलू लागला. धारेपेक्षा बारकावा मोलाचा झाला. ह्या बदलाचं सर्वांत मोठं लेणं म्हणजे लता मंगेशकर. १९४८ च्या सुमारास संगीतकार गुलाम हैदर ह्यांनी ह्या मुलीला निर्माते शशधर मुखर्जी ह्यांच्यासमोर गायला लावलं, तेव्हा आवाज फार बारीक आहे म्हणून तो नापसंत झाला. रंगभूमीच्या जुन्या मापानं तो बारीक होताच! गुलाम हैदरांनी त्याच वर्षी 'मजबूर' चित्रपटात तिला गायला दिलं, आणि १९४९ साली 'महल' आला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येतो असं वाटायला हवं होतं. त्यासाठी लताबाई माईकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गातगात पावलापावलानं माईककडं आल्या. म्हणजे माईक हे गळ्याला लावायचं कर्ण्यासारखं यंत्र न राहता गळ्याचाच एक भाग झाला. बालीवाला थिएटरात केशवरावांपुढं ती मुलगी कदाचित ऐकू आली नसती, आणि त्या माईकपुढं केशवरावांना कदाचित चार पावलं मागं उभं केलं असतं.

गुरुजी आणि बाई, आता तुमच्यासाठी एक गणित सांगतो. १९७४ साली गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात छापलं, की लताबाईंनी १९४८ ते १९७४ ह्या काळात निदान २५ हजार गाणी ध्वनिमुद्रित केली. वर्गात मुलांना भागाकार करायला लावा. सव्वीस वर्षं, वर्षाला साधारण ९६०, म्हणजे एकही सुटी न घेता रोज अडीचच्या वर नवी गाणी. मुलांनाच शंका येईल. महंमद रफींनी ह्या आकड्याला हरकत घेतली आणि आपलीच गाणी जास्त असल्याचं कळवलं. पुढच्या आवृत्त्यांत दोघांचे दावे शेजारीशेजारी आले, आणि १९९१ साली ती नोंदच काढून टाकली. २०११ साली त्याच पुस्तकानं आशा भोसले ह्यांच्या नावानं विक्रम नोंदवला, तो ११ हजारांपर्यंतच्या गाण्यांचा. म्हणजे आधीच्या दाव्याच्या निम्म्याहूनही कमी! ह्यात कोणाची थोरवी रतीभर कमी होत नाही. फक्त एवढं कळतं, की गाण्यांची बेरीज करून गळा मोजता येत नाही.

क्रमांक लावूनही फारसं साधत नाही. 'रोलिंग स्टोन' ह्या अमेरिकन मासिकानं २०२३ च्या १ जानेवारीला जगातल्या सर्व काळातल्या २०० थोर गायक-गायिकांची यादी छापली. पहिला नंबर अरीथा फ्रँकलिन ह्या अमेरिकन गायिकेचा, लताबाईंचा चौऱ्याऐंशीवा, आणि नुसरत फतेह अली खाँ ह्यांचा एक्क्याण्णवावा. बालगंधर्व त्यात नाहीत, केसरबाई केरकर नाहीत. कशा असतील? यादी करणाऱ्यांनी जे आयुष्यभर ऐकलं त्यातूनच ती झाली. आपण पारावर बसून यादी केली असती तर अरीथा फ्रँकलिनबाईंचं तिच्यात नाव आलं असतं का?

आता केसरबाईंचं नाव निघालंच आहे, तर त्यांच्याविषयी थोडं जास्त बोलू द्या.

केसरबाई केरकर मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या. जन्म १३ जुलै १८९२. बऱ्याच गुरूंकडे थोडंथोडं शिकून झाल्यावर १९२१ च्या सुमारास त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला, आणि खाँसाहेब १९४६ साली जाईपर्यंत त्यांच्याजवळ शिकत राहिल्या. पंचवीस वर्षं! आवाज भरदार, गोल. खालच्या सप्तकात जेवढं वजन तेवढंच वरच्या सप्तकात. त्यांची तान ऐकताना दम कुठं घेतला ते सापडत नाही. कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना 'सूरश्री' म्हटलं. स्वभाव करारी, ध्वनिमुद्रिका मोजक्या दिल्या आणि गळा उतरू लागायच्या आत मैफली बंद केल्या.

१९७७ साली अमेरिकेनं 'व्हॉयेजर' नावाची दोन यानं सूर्यमालेच्या पलीकडं धाडली. दुसऱ्या जगात कोणी असलंच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून कार्ल सेगन ह्या शास्त्रज्ञाच्या मंडळीनं यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तिच्यावर साऱ्या जगातून निवडलेल्या २७ संगीतरचना आहेत. हिंदुस्थानातून एकच गळा घेतला, केसरबाईंचा. भैरवीतली साडेतीन मिनिटांची चीज. रॉबर्ट ब्राऊन ह्या संगीताच्या अभ्यासकानं ती सुचवली होती. पण तबकडी मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका हिंदी कुटुंबाच्या दुकानात खोक्यात पडून असलेल्या प्रती सापडल्या. 'व्हॉयेजर १' आकाशात गेलं ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई वारल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. आज ते यान आपल्यापासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरांवर आहे.

तर मला कोणी खांबाला बांधून विचारलं, की बाबा रे, एक नाव सांग, तर शब्द बाजूला ठेवून नुसत्या आवाजासाठी मी केसरबाईंचं नाव घेईन. शब्दातला जीव सुरात उतरवायचा म्हटलं तर लताबाईंचं. हे माझ्या कानाचं मत आहे, तुमचा कान निराळा सांगेल. मात्र 'आजवर झालेल्यांत' हे शब्द मी माझ्या तोंडून काढणार नाही. माणूस हजारो वर्षं गातो आहे, आणि यंत्राला आवाज धरता येऊ लागून दीडशे वर्षंच झाली. तानसेनाचा आवाज कसा होता? चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवरायांचा? त्यांना स्पर्धेत घेतल्याशिवाय नंबर कसा लावणार?

त्या सोनेरी तबकडीवर आणखी एक गाणं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या डोंगरातल्या एका मुलीनं म्हटलेलं लग्नाचं गाणं. अवघं ३८ सेकंदांचं. यादीत तिचं नाव नाही. कोणी खेड्यात जाऊन ते टिपलं नसतं तर युरोपातल्या थोर संगीतकारांच्या शेजारी तिचा गळा गेला असता का?

इथं मला आपल्या मराठवाड्यातली जाती आठवतात. पहाटे दोन बाया समोरासमोर बसायच्या, खुंटा हातात, आणि ओवी सुरू व्हायची. ऐकणारं कोणी नसायचं; असलंच तर मांडीवर झोपलेलं लेकरू. त्या गळ्याला टाळी नव्हती, पट्टी नव्हती, दगडाची घरघर हीच साथ. विजेची गिरणी आली आणि जातं भिंतीशी उभं राहिलं. गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर ह्या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव हिंडून महाराष्ट्रातल्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या उतरवून घेतल्या, हे फार मोठं काम झालं. पण लाखावर उतरले ते शब्द. आवाज त्या मानानं थोड्याच जणींचे टिपले गेले. आज ज्यांना जात्यावरची ओवी मुखोद्गत आहे त्या बाया सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आहेत.

म्हणून शिक्षकमंडळींपाशी दोन कामं मागतो.

पहिलं काम वर्गातलं. गाण्याची स्पर्धा घ्याल तेव्हा साऱ्या मुलांना पेटीच्या एकाच पट्टीवर गायला लावू नका. ज्याला काळी एक सोसते त्याला काळी पाचमध्ये उभं केलं तर तो ओरडेल नाहीतर गप्प बसेल, आणि तुम्ही म्हणाल ह्याला गळा नाही. मुलाला आधी सहज गुणगुणू द्या, मग त्याची पट्टी शोधा. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा आवाज फुटतो तेव्हा तर फार जपा. त्या वयात स्वरतंतू भराभर वाढतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हातातला विळा बदलला की चार दिवस कापणी वाकडी होते, त्यातला हा प्रकार. त्या दिवसांत खालच्या पट्टीतलं, छोटंसं गाणं द्यावं, आणि ताण देऊ नये. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, ह्यांचा लहानपणचा गोड आवाज असाच फुटला आणि मग हट्टी झाला. अब्दुल करीमखाँसाहेबांनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षं मेहनत करवून घेतली. त्यांच्याच हाताखाली पुढं भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल तयार झाल्या. गंगूबाईंचा तरुणपणचा आवाज बारीक होता. घशाच्या दुखण्यानंतर तो पुरुषासारखा जाड झाला. त्यांनी तोच आवाज घेऊन पुढं पन्नासावर वर्षं मैफली गाजवल्या. कुमार गंधर्वांना तर ऐन तारुण्यात क्षयानं गाठलं, कित्येक वर्षं गाणं बंद राहिलं. उठल्यावर पहिल्यासारखा दम पुरेना, तेव्हा त्यांनी छोट्या छोट्या फेकीची स्वतःची गायकीच उभी केली. ह्यातलं कोणीही आपल्या शाळेच्या स्पर्धेत त्या त्या वर्षी उभं राहिलं असतं, तर उत्तेजनार्थ बक्षीस तरी मिळालं असतं का, ह्याची मला शंका आहे.

दुसरं काम शाळेबाहेरचं. गावातल्या ज्या म्हाताऱ्या आजीला ओव्या येतात तिच्याकडं चार मुलं घेऊन जा. खिशातला फोन ह्या कामाला पुरतो. आधी तिची परवानगी घ्या, हे ध्वनिमुद्रण कुठं ठेवणार ते तिला नीट सांगा. पंखा बंद करा, दार ओढून घ्या, फोन तिच्यापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या कापडावर ठेवा म्हणजे धक्का लागून खरखर येणार नाही. सुरुवातीला गावाचं नाव, तारीख, आणि तिची इच्छा असली तर तिचं नाव आणि माहेर, हे तिच्याच तोंडून येऊ द्या. घरात जातं असलं तर ते खाली घ्या, मूठभर ज्वारी वैरा आणि तिचा हात खुंट्यावर ठेवा. पुष्कळ बायांना नुसतं बसून ओवी आठवत नाही. हात फिरू लागला की आपोआप येते. मध्ये बोलू नका, चूक काढू नका, छान म्हण असंही सांगू नका. आणि त्याच दिवशी त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवा, फोन हरवतात.

झालं की तिला तिचा आवाज ऐकवा. ती बहुतेक म्हणेल, "बया, ह्यो माजा आवाज न्हवं." आपला आवाज आपल्याला कानाबरोबर डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो, तो जाड वाटतो, यंत्रातला नुसत्या हवेतून आलेला असतो म्हणून परका आणि बारीक वाटतो. तिला एवढं समजावून सांगा, आणि म्हणा, आजी, आता दुसरी येऊ द्या.